मिस्त्रींचा लाकडी मासा

मिस्त्रींनी केलेलं कपाट घरातली माणसं बदलली तरी जागचं हलत नाही, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे त्यांच्याच लाकडी माशानं चारचौघांत दगा दिला, तेव्हा ते फारच जिव्हारी लागलं. झालं असं, की त्यांच्या लेकीला मासे पकडायचा भारी नाद. मोठ्या माशांना भुलवायला बापानं तिला लाकडाचा बोटभर मासा कोरून दिला, पोटाखाली स्क्रूनं गळ लावलेला. पाण्यातून ओढला की तो अगदी खऱ्यासारखा डुलत पोहायचा. पण तळ्यावर चांगला दांडगा मासा लागला आणि ऐन वेळी गळ स्क्रूसकट उपटून आला. काठावरचे लोक खो खो हसले. लेक दुसऱ्या दिवशी सरळ दुकानातून प्लास्टिकचे मासे घेऊन आली.

भांडली असती तर बरं, असं मिस्त्रींना वाटलं. तिच्या दोरीला परत आपलाच मासा लागला पाहिजे, एवढं एकच खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं.

मग मागच्या खोलीत भुशाचे ढीग साचू लागले. नवा मासा करायचा, रंगवायचा, रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा आणि सकाळी फुगलेला रंग बघून कपाळाला हात लावायचा. चिडून त्यांनी व्हार्निशचे थरावर थर चढवले. तो मासा इतका जड झाला की सरळ तळाला जाऊन बसला.

"पोहायला शिकवताय की जीव द्यायला?" बायको म्हणाली. "आणि माझी बादली मला कधी मिळायची?"

बादली रिकामी करताना तिनंच मासा उचलून उजेडात धरला. "अहो, हा बाकी ठणठणीत आहे. फुगलाय तो फक्त गळाच्या भोकापाशी. भोकाच्या आतून रंग लावला होतात का?"

मिस्त्रींनी भोकात नख घालून पाहिलं. जन्मभर त्यांनी आधी पॉलिश केलं आणि मग भोकं पाडून मुठी बसवल्या. कपाट कोण पाण्यात बुडवतंय! तीच सवय माशालाही लावली, आणि भोकातलं उघडं लाकूड मजेत पाणी पीत राहिलं; मग ते स्क्रूला धरून ठेवणार कसं!

"हात्तिच्या!" म्हणत ते उठले. आता आधी भोकं पाडली. मासा कोमट जवसाच्या तेलात मुरवला, खिडकीत वाळवला. तोल राहावा म्हणून पोटात शिशाचा छोटा तुकडा बसवला, काडीनं भोकांच्या आतूनही व्हार्निश फिरवलं. स्क्रूला रजा देऊन नाकापासून शेपटीपर्यंत आरपार तार ओवली आणि गळ त्या तारेलाच अडकवला. लाकूड दुभंगलं तरी गळ सुटायचा नाही.

लेकीनं पकडीनं गळ ओढून पाहिला. "बघू," एवढंच म्हणून तिनं मासा डबीत टाकला.

रविवारी मिस्त्री उगाचच तिच्याबरोबर तळ्यावर गेले. सकाळभर प्लास्टिकचेच मासे पाण्यात पडत होते आणि ते दुसरीकडे बघत असल्याचं सोंग करत होते. जेवणाच्या सुमारास तिनं एकदाचा लाकडी मासा दोरीला बांधला. झकास पोहला पठ्ठ्या! पण थोड्याच वेळात बुडालेल्या फांदीत जाऊन अडकला.

मिस्त्रींचं तोंड उतरलं. असा अडकलेला मासा लेक दोरी कापून सोडून देते, हे त्यांनी सकाळीच दोनदा पाहिलं होतं. तिनं थोडं ओढून पाहिलं, मग गळाची काठी त्यांच्या हातात दिली, चपला काढल्या आणि थेट पाण्यात उतरली.

"अगं, पाणी गार आहे! सोड तो, मी दुसरा करून देईन!"

"दुसरा तू करशीलच, बाबा," कमरेएवढ्या पाण्यातून ती ओरडली. "मला हा हवाय. दोरी ढिली सोड!"

त्या दिवशी खरा मासा एकही मिळाला नाही. घरी येताना लाकडी मासा परत डबीत होता, लेक कुडकुडत होती, आणि मिस्त्री इतके खुशीत होते की रस्ताभर शीळ घालत आले.