काथ्याचे दोर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सोबतच्या शिक्षकांना नाही. एकदा आजारपणात, ताप चढलेला असताना, तोंडातून निघून जाईल अशी भीती वाटली होती, पण तेव्हाही निघालं नाही. तुम्हाला सांगतो आहे. का, ते मलाही नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नसाल तर बरंच. आणि ओळखत असाल – तर तुम्ही ज्याला ओळखता तो माणूस खरा नाही.

मी शिक्षक आहे. गडचिरोलीपासून एसटीने दोन तास आत, जंगलातल्या एका गावच्या शाळेत माझी बरीच वर्षं गेली. आता मोठ्या गावातल्या शाळेत आहे. दरवर्षी नववीच्या मुलांना मी एक तास जादा घेतो. आपण दुकानातून आणतो ती वस्तू आली कुठून? ती काढताना कुणाचं काय गेलं? हा तास बराच नावाजला गेला आहे. दुसऱ्या शाळा मला बोलावतात, हार घालतात, नारळ देतात. वर्गाच्या भिंतीवर मी एक चित्र लावतो. परदेशातल्या एका मुलीने खडूरंगात काढलेलं – पांढरं झाड आणि त्याच्या पोटाला तपकिरी दोर. चित्राकडे बोट दाखवून मी त्या दोराचा अर्थ सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात.

लिहून घेताना त्यांच्या माना खाली असतात. ते मला सोयीचं पडतं.

झाड कुलूचं आहे. माघ-फाल्गुनात कुलूला एक पान उरत नाही, आणि पांढऱ्या सालीची ती झाडं डोंगराच्या उतारावर अंग उघडं टाकून उभी असतात. सालीवर घाव घातला की डिंक निघतो. तो वाळतो, मग काढून आणायचा. परदेशात तो औषधात जातो, आइस्क्रीममध्ये जातो. हे मी वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला होता, "सर, मंग आपल्याले आइस्क्रीम काऊन नाई भेटत?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला.

आणि दोर? त्या गावात प्रत्येक घराची कुलूची झाडं ठरलेली होती. झाडाला दोन-तीन हलके घाव, तेवढाच डिंक. मग माणूस पळसाच्या मुळ्या ठेचून त्यांचा दोर वळायचा आणि खोडाला बांधायचा. दोर बांधला म्हणजे झाड निजलं. तो दोर ऊनपावसाने कुजून आपोआप गळून पडेपर्यंत झाडाला कोणी हात लावायचा नाही. ज्याचं झाड, त्यानेही नाही. कोणी पहारा करत नव्हतं, दंड नव्हता. दोर दिसला की लोक पुढे जात. एवढंच.

आधी हा डिंक मूल गावचे एक व्यापारी घ्यायचे, हुसेनभाई. ना शिक्का, ना प्रमाणपत्र. डिंक तळहातावर घेऊन उन्हात धरायचे. साल चिकटलेला, लालसर दिसला की बाजूला सारायचे – "हा झाडाले मारून आणला. मले नाई पाहिजे." त्यांना गावातून मीच घालवलं. नागपूरची एक निर्यात करणारी कंपनी आली होती. तिचे परदेशी ग्राहक झाडाला इजा न करता काढलेला डिंक मागत होते. कागदपत्रं करायला लिहिता-वाचता माणूस हवा होता. तो मी. हुसेनभाई शेवटच्या खेपेला हसून म्हणाले होते, "मास्तर, तुमी कागद पाहान. मी त डिंक पाह्यतो."

नियम कागदावर आले. एका झाडाला तीनच घाव, पुढे विश्रांती. पुरावा म्हणून शाळेच्या मुलांनी झाडं मोजायची, घाव मोजायचे, वहीत नोंद करायची. परदेशातल्या एका शाळेतली मुलं आमच्या मुलांना पत्रं लिहिणार होती. खरं सांगू? त्या काळात मी फार खूश होतो. तालुक्याच्या ऑफिसात साहेब मला खुर्ची द्यायला लागले होते. जंगलातला एक मास्तर, आणि त्याच्या शाळेला विमानाने पत्रं येतात! मला वाटायचं, हे आता थांबता कामा नये.

सगळ्यात चांगली वही सुनीताची असायची. नववीतली मुलगी, मंगरूभाऊची थोरली. मंगरूभाऊ कंपनीसाठी डिंक काढणाऱ्या सहा जणांच्या गटातला, गावातला सगळ्यात हलका हात. त्याच्या झाडावरचे घाव शोधावे लागत. सुनीता झाडाचं चित्र काढून त्यावर एकेका घावाचा ठिपका द्यायची. त्या वर्षी माघात तिने वही माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली नाही, उभीच राहिली. मी पानं उलटली. तळ्याच्या वरच्या उतारावरची झाडं. एकावर नऊ ठिपके. एकावर अकरा. एका झाडावर तर ठिपके मावले नव्हते, म्हणून तिने बाजूला आकडा लिहिला होता.

"सर, लय खोल हायेत," ती म्हणाली. "आतलं लाकूड दिसते."

मी म्हटलं, पाहतो. वही कपाटात ठेवली. रविवारी दुपारी दार लावून बसलो आणि नव्या वहीत सगळी झाडं पुन्हा लिहिली. प्रत्येकावर तीन ठिपके. तिच्या अक्षरासारखं अक्षर काढायला मला फारसं जड गेलं नाही – मीच तर तिला शिकवलं होतं.

तेवढ्यावर थांबता आलं असतं का? माहीत नाही. पुढच्याच आठवड्यात पत्र आलं. ग्राहकांकडची एक बाई झाडं पाहायला येणार होती.

वही बदलता येते. झाडाचं काय करायचं? मी गडचिरोलीच्या बाजारातून काथ्याचे दोर आणले, दोन मोठी भेंडोळी. पळसाचे दोर वळायला वेळ नव्हता, आणि वळायला सांगितलं असतं तर गावाने विचारलं असतं, कशाला. मुलांना सांगितलं, श्रमदान आहे. आम्ही उतारावर गेलो. घावांवर चिखल लिंपला. दोर चिखलात बुडवून जुने केले आणि त्या फाटलेल्या झाडांना बांधले, बरोबर घाव झाकतील असे. मुलं गाणी म्हणत होती. त्यांना मजा वाटत होती. सुनीताच्या हातात दोर दिला तेव्हा तिने तो बोटांत फिरवून पाहिला.

"सर, हा काथ्या हाय."

"बांध."

तिने तो खाली ठेवला. फेकला नाही – नीट गुंडाळून दगडावर ठेवला आणि पुढच्या झाडाकडे न जाता घरी निघून गेली. मी हाक मारली नाही. का मारली नाही? कारण ती वळून काही बोलली असती तर बाकीच्या मुलांनी ऐकलं असतं.

बाई आली. उंच, उन्हाने लाल झालेली, खरोखर चांगल्या मनाची बाई. सोबत नागपूरचा दुभाषा. सारं गाव उतारावर जमलं होतं. दोरांचा अर्थ दुभाष्याने सांगितला तेव्हा तिने एका झाडाला तळहात लावला आणि बराच वेळ काढला नाही. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने विचारलं, सुनीता कोण? तिकडच्या मुलांना सगळ्यात लांब पत्रं सुनीताची जात होती. या दोराबद्दल सुनीतानेच आपल्याला सांगावं, असं बाईला वाटत होतं.

सुनीता पुढे आली. मी पाचेक हातांवर उभा होतो. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन, याची तिने वाट पाहिली – हे मला तेव्हाही कळलं होतं. मग ती दुभाष्याला म्हणाली, "हे आमचे दोर नाई. हे परवा बांधले. खाली पाहा, घाव हायेत."

दुभाष्याने बाईला सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं.

आणि मी हसलो. हसतच सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात – पोरगी नाराज आहे. तिचा बापच खोल घाव मारतो, गटाने त्याला समज दिली आहे, म्हणून हिचा राग. ही झाडं त्यानेच बिघडवली, आम्ही ती आता विश्रांतीला टाकली आहेत.

मंगरूभाऊ गर्दीत होता. खांद्यावर कुऱ्हाड. बाकीचे पाच जण खाली पाहत राहिले. दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे, पण बाईने सुनीताजवळ जाऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला क्षमा केल्यासारखा. सुनीताने तो हात बाजूला केला नाही. ताठ उभी राहिली, डोळे माझ्यावर. तिच्या बापाने मागून हाक मारली, "चाल घरी, माय." तेव्हा ती गेली.

मी इतका वेळ त्या उताराभोवती फिरतो आहे, कारण तो सांगायला सोपा आहे. खरं ते त्याच्याही आधीचं.

पौषात कंपनीचं पत्र आलं होतं. मागणी वाढली होती, जवळजवळ दुप्पट. झाडं तेवढीच. मी नाही म्हणू शकत होतो. नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या गावाकडे गेले असते. आणि मी पुन्हा नुसता मास्तर झालो असतो. मी त्या सहा जणांना शाळेच्या व्हरांड्यात बोलावलं. चहा दिला. म्हटलं, यंदापुरतं थोडं खोल मारा. घाव वाढवा. निजलेली झाडंही घ्या, दोर सोडून घ्या, पुढच्या वर्षी बांधू. पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर सांगतो आहे, म्हणजे वरून परवानगी असेल, असं त्यांना वाटलं. मी तसं वाटू दिलं.

मंगरूभाऊने चहाचा कप खाली ठेवला. "झाडाले इचारलं का, मास्तर?" मी म्हटलं, झाड काय बोलणार आहे. तो म्हणाला, "म्हणून त दोर बांधतो जी आपण. त्याच्याकडून दोर बोलते." आणि उठून गेला. त्या हंगामात त्याने एकही जादा घाव मारला नाही. त्याचा डिंक सगळ्यांत कमी आला, वहीत तसा लिहिलाही आहे.

म्हणजे सहा जणांत एकच नाही म्हणाला होता. आणि मी नेमकं त्याचंच नाव घेतलं. घाईत तोंडात आलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण तोंडात दुसरं कुणाचं का आलं नाही?

महिनाभराने कंपनीचं पत्र आलं – त्या माणसाला गटातून काढावं. काढल्याचा कागद मी लिहिला, माझ्या हाताने. सुनीता त्यानंतर शाळेत आली ती एकदाच. तिकडच्या मुलीची सगळी पत्रं तिने टेबलावर ठेवली, रबर लावून. परीक्षेला ती बसली नाही. मी तिच्या घरी गेलो नाही. शाळेपासून तिचं घर दिसायचं.

उन्हाळ्यात ते चित्र आलं. पांढरं झाड, तपकिरी दोर. खाली सुनीताचं नाव लिहिलं होतं, तिच्यासाठीच होतं ते. मी ते तिला दिलं नाही. ते अजून माझ्याकडे आहे. भिंतीवर लावताना नाव असलेली कड मी दुमडून घेतो.

कंपनी दोन वर्षांनी निघून गेली. उतारावरची झाडं एकेक करून वाळली. गावात दोराला काही अर्थ उरला नाही. खरा दोर बांधलेल्या झाडावरही लोक घाव घालू लागले. कोणी हटकलं तर म्हणायचे, "मास्तरचा दोर हाय का पळसाचा?" आणि हसायचे. माझ्या पाठीमागे नाही, समोर.

मागच्या वर्षी एका लग्नाला त्या गावी गेलो होतो. उतारावर गेलो. एक-दोन झाडं अजून उभी होती, वाळलेली, साल गळालेली. काथ्या सहजी कुजत नाही. मी आणलेले दोर अजून खोडांना होते.

खाली येताना सुनीता भेटली. डोक्यावर सरपण, सोबत तिची लहान मुलगी. "नमस्ते सर," ती म्हणाली, आणि मुलीला म्हणाली, "पाय पड." मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत. त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, तोंडभरून आशीर्वाद दिला आणि एसटीकडे चालू लागलो.

मंगरूभाऊने एकही झाड मारलं नाही. खोल मारा, असं मी सांगितलं होतं.