सालीनं उतरवलेला जांभळा रंग

कोकिळाताई बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. घर तिथल्याच बुधवारा भागात, माहेर जवळच्या जसोंडी गावचं. वडील सुपडूआबांच्या केळीच्या बागा. ऑक्सिजनमुळे होणारी नासाडी रोखणारी द्रव्यं, म्हणजे अँटिऑक्सिडंट, केळ्याच्या सालीत असतात. ती जास्तीत जास्त कशी बाहेर काढता येतील, या एकाच प्रश्नानं ताईंना झपाटलं होतं.

ताई साली वाळवून दळत, ती भुकटी शुद्ध अल्कोहोलमध्ये भिजवत आणि गाळलेला अर्क एका गडद जांभळ्या द्रावणात टाकत. अँटिऑक्सिडंट भरपूर असले की जांभळा रंग उडून पिवळट व्हायला हवा. पण तो जरासा फिका पडे, बस्स. उष्णता वाढवून पाहिली, तर अर्क आणखीच निकामी झाला.

एका दुपारी वैतागून त्यांनी गाळून उरलेला चोथा बेसिनमध्ये ओतला आणि नळ सोडला. पाणी तपकिरी झालं.

"पूर्णिमा, इकडे ये!" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी मॅडमना हाक मारली. "हा चोथा तर अजून सोडतोय!"

"म्हणजे अल्कोहोलनं सगळं घेतलंच नाही," पूर्णिमा म्हणाली. "काही पाण्यासाठी राहून गेलं."

मग दोघींनी पाणी आणि अल्कोहोल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पाहिलं. अल्कोहोल पाण्यापेक्षा किंचित जास्त, आच अगदी मंद, तेव्हा अर्क सर्वांत दमदार निघाला. पुन्हा पुन्हा करूनही तेच.

रविवारी ताईंनी आबांना प्रयोगशाळेत आणलं. परीक्षानळी उजेडात धरून त्यात अर्काचे थेंब सोडले. जांभळा रंग आधी मातकट झाला, मग हळूहळू उतरत गेला आणि आत फिकट पिवळा प्रकाश उरला. ताईंच्या अंगावर पुन्हा काटा आला, इतक्यांदा पाहूनही.

आबांनी टोपी काढून हातात धरली.

"हे सालीनं केलं?"

"हो आबा. आपल्याच बागेतल्या."

"जनम गेला माझा केळीत. साल गुरांपुढे टाकत आलो." ते वाकून नळीच्या अगदी जवळ गेले. "आत एवढं बसलं होतं, आन् आपल्याला खबरच नाही."

आबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेटा, फिरून एकदा कर. या वेळेला मी पापणीपण लवू देत नाही."