दोरी सोडण्याचा हुकूम

महायुद्ध संपलं, मी मेसोपोटेमियाहून परतलो, लान्स नाईक म्हणून सुटलो आणि सोलापूरच्या बंबखात्यात लागलो. पहिल्याच दिवशी मला नागप्पा जमादारांच्या हाताखाली दिलं. अक्कलकोटकडचा माणूस, वीस वर्षं आगी विझवण्यात गेलेली. आमचे सुपरिंटेंडेंटसाहेबही त्यांच्याच हाताखाली तयार झालेले.

सकाळी सहाला परेड. नळी, शिडी, मग दोरी. धुरात शिरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधायची आणि दुसऱ्याने ती बाहेर ताणून धरायची. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, ताणलेली दोरी हीच परतीची वाट. माझा कडक सॅल्यूट पाहून जमादार हसायचे.

"पलटणीत हुकूम मानायला शिकलास, लई चांगलं. पन दोरी हातात हाय तवर सायबाचा बी हुकूम ऐकू नगंस."

रोज ते हे माझ्याकडून वदवून घ्यायचे. मला ती चेष्टा वाटायची.

एके दिवशी दुपारी सव्वादोनला कापसाची वखार पेटल्याची वर्दी आली. आत दोन हमाल अडकले होते. साहेबांनी जमादारांना आत पाठवलं. दोरी माझ्या हातात. एका हमालाला त्यांनी दारातून बाहेर ढकललं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा आत वळले. तेवढ्यात वारा फिरला आणि मालकाच्या बंगल्याला धग लागू लागली. नळीवर माणूस कमी पडत होता.

"दोरी सोड. नळी बंगल्याकडे घे," साहेब म्हणाले.

"जमादार आत आहेत, सर."

"दिस इज ॲन ऑर्डर."

माझ्या टाचा जुळल्या. मी दोरी सोडली.

बंगला वाचला. साडेचारला जमादार सापडले, दारापासून पंधरा पावलांवर. शेजारी तो दुसरा हमाल, मल्लू. दोघेही धुराने गेले होते. सगळी दोरी जमादारांच्या मांडीवर गोळा झालेली होती. वाट शोधत त्यांनी ती हाताहाताने ओढली होती, आणि शेवटी मोकळं टोक हातात आलं होतं.

साहेबांनी रिपोर्टात लिहिलं की जमादार हुकमाशिवाय आत शिरले. मी जबाबात खरं ते सांगितलं. माझा जबाब फायलीला लागलाच नाही. खात्याचं नाव राहिलं पाहिजे, असं मला समजावण्यात आलं. ज्याने साहेबाला दोरीची गाठ मारायला शिकवली, त्याच्यावरच ठपका ठेवताना या माणसाचा हात अडखळला नाही. मी त्याला देवमाणूस समजत होतो. दगा त्याने दिला, पण दोरी माझ्या हातात होती.

पुढे मीही जमादार झालो. निवृत्त होईपर्यंत नव्या माणसाच्या हाती दोरी देऊन मी साहेबी आवाजात ओरडत असे, "दोरी सोड!" बहुतेक जण सोडत. मी रागावत नसे. त्यांना जवळ बसवून दोन नावं सांगत असे, नागप्पा जमादार आणि मल्लू हमाल. मग तिसरं, दोरी सोडणाऱ्याचं. ते माझं.