म्हणजेकाकांचा घास

आमच्या भाऊजींना मंडळीतली मुलं पाठीमागे ‘म्हणजेकाका’ म्हणत. ते आमच्या छोट्या चर्चचे पाळक. उपदेशाला उभे राहिले की पहिलं वाक्य ठरलेलं. या रविवारी “तारण म्हणजे काय?”, पुढच्या रविवारी “पश्चात्ताप म्हणजे काय?” मग व्याख्या, तिचे भाग, पोटभाग. खिडकीजवळ बसणारा चष्म्यांचा दुकानदार व्याख्येलाच मान टाकायचा आणि आशीर्वादाला जागा व्हायचा. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, पहिल्या बाकावर ताठ बसून सगळं ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, “छान झालं. आता ते पश्चात्तापाचे चार भाग जरा उचला, मला टेबल पुसायचंय.”

माणूस लाख होता. खोड एकच, कुणाचं काही अंगावर ठेवून घेत नसत. ताईनं चहा दिला की कप लगेच विसळून ठेवत. एकदा तापात तिनं उशाशी बसून त्यांचं सगळं केलं, तर बरे होताच घरातल्या सगळ्या खिडक्या रंगवून काढल्या. तिला रंगसुद्धा विचारला नाही. सुतारानं खुर्ची फुकट नीट करून दिली म्हणून त्याच्या मुलीला गणित शिकवायला लागले. मुलगी इतकी कंटाळली की सुतार ताईला म्हणाला, “वहिनी, खुर्ची परत मोडून देऊ का?”

ताईला हे बोचायचं. एकदा मटार सोलताना ती मला म्हणाली, “यांच्यासाठी काही केलं ना, की दुकानात उभी असल्यासारखं वाटतं. हिशेब लगेच चुकता.” बोलली हसूनच, पण शेंगा जरा जोरानं मोडत होती.

मागल्या वर्षी शेजारच्या ड्रायव्हरनं भाऊजींना गाडीतून दवाखान्यात सोडलं. त्याची फेड म्हणून भाऊजी त्याच्या छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर चढले आणि खाली आले. दोन्ही मनगटं मोडली. पुन्हा तीच गाडी, तोच दवाखाना.

“आता काय,” ड्रायव्हर वाटेत म्हणाला, “माझं घर रंगवणार?”

ताई सांगते, भाऊजींनी खरंच विचारात पडल्यासारखा चेहरा केला.

दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. बटणं, दाढी, पाणी, सगळं ताईच्या हाती आलं. आंघोळीपर्यंत त्यांनी कसंबसं सोसलं, पण जेवणापाशी अडलं. तिनं चमचा पुढे केला की ते मान वळवत. “नळी दे, मी आपला सूप ओढतो. भूक नाही मला.” भूक होती. माझे यजमान वारल्यापासून मी ताईच्या शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिवसेंदिवस कसा उतरत गेला ते मी पाहत होते. त्यात साखरेचा आजार, गोळ्या चालू. पाहायला येणारी नर्स दाराशी थांबून ताईला म्हणाली, “असे अर्धपोटी राहिले तर चक्कर येऊन पडतील एक दिवस. या वेळी मनगटावर भागेलच असं नाही.”

ताईनं दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून उभी राहिली.

शनिवारी मी उपदेश लिहून घ्यायला गेले. अक्षर माझं बरं आहे, मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेलं. विषय होता कृपा.

“लिही,” भाऊजी म्हणाले. “कृपा म्हणजे काय? आपण जे कमावलं नाही आणि ज्याची परतफेड होऊ शकत नाही, असं देणं.” मग उदाहरण. राजा, कैदी, माफी. दर वेळी तोच राजा.

ताई दारात आली. हातात ताटली, कुस्करलेला बटाटा आणि अंडं.

“तो कैदी पुढे काय करतो?”

“काय करणार? मोकळा होतो.”

“‘माफी नंतर, आधी मी राजवाड्याच्या खिडक्या रंगवतो,’ असं नाही म्हणत?”

माझं पेन थांबलं. भाऊजी हसले नाहीत. “थट्टा नको करूस.”

“थट्टा नाही हो.” ती ताटली घेऊन पुढे आली. “इतकी वर्षं सगळ्यांना सांगताय, देवाकडून फुकट मिळतं, घ्या. आणि मी दिलेला एक घास तुम्हाला महाग. मला काही परत नकोय. मला फक्त तुम्हाला भरवायचंय.”

ते प्लास्टरकडे बघत राहिले. “लाज वाटते गं. तान्ह्या मुलासारखं तोंड उघडायचं. आणि तुझ्यासाठी तर मला आता काहीच करता येत नाही.”

“म्हणून तर,” ताई म्हणाली. तिनं खुर्ची ओढली, ती सुतारानं नीट केलेलीच. “उघडा.”

त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. पहिला घास गिळताना गालावरून पाणी ओघळलं. पुसायला हात नव्हते, तेही ताईनंच पुसलं. ताटली रिकामी झाली.

“अजून आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

ती आत गेली तेव्हा मी विचारलं, “भाऊजी, राजा ठेवू का?”

“जाऊ दे राजाला.”

रविवारी ते उभे राहिले. पानं उलटायला ताई शेजारी. “कृपा म्हणजे काय?” मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. पण व्याख्या आलीच नाही. “काल माझ्या बायकोनं मला बटाटा भरवला,” ते म्हणाले, आणि चष्मेवाल्यानं मान वर केली. त्यांनी सगळं सांगितलं, लाजेसकट. ताईला एकही पान उलटावं लागलं नाही. शेवटी म्हणाले, “इतकी वर्षं मी तुम्हाला जे सांगत आलो, ते बरोबरच होतं. फक्त मी स्वतः चाखलं नव्हतं.”

प्लास्टर निघालं त्या दिवशी आम्ही तिघं टेबलाशी बसलो. हात बारीक झाले होते, पण चमचा धरता येत होता. त्यांनी तो उचलला, वाटीत बुडवला, पुन्हा ठेवला आणि ताईकडे बघून तोंड उघडलं.

“फुकटची सवय लागली वाटतं,” ताई म्हणाली.

“लागली,” भाऊजी म्हणाले.

तिनं भरवलं. त्या दिवशी कप तसेच टेबलावर राहिले, आणि भाऊजी खुर्चीतून उठले नाहीत.