पंधरा रेइसचं नाणं
कालवणासाठी चिंच भिजत घातली की तिच्या वासाने मला आमच्या नॉर्थ यॉर्कच्या बिल्डिंगमधले पोर्तुगीज आजोबा आठवतात. त्यांना जुनी नाणी जमवायचा नाद होता. बाबांकडे पोर्तुगीज गोव्यातलं, पंधरा रेइसचं तांब्याचं नाणं होतं. बोटीवर नोकरी होती तोवर ते कायम त्यांच्या खिशात असायचं, आणि मी कॅनडाला निघाले तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. बाबा गेले त्या वर्षी मी ते आजोबांना दाखवायला नेलं. वसईला सणाआधी आई तांब्याची भांडी घासायची, तसं चिंच-मीठ लावून लखलखीत करून नेलं. आजोबांनी ते दिव्याखाली धरलं आणि त्यांचा चेहराच उतरला. “हे धुतलंस?” त्यांनी हळूच विचारलं. मी हसून म्हटलं, “काळं पडलं होतं ना.” त्यांनी स्वतःचं तसलंच एक गडद तपकिरी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. “हा मळ नाही, पोरी. वर्षानुवर्षं माणसाच्या हातात राहिलं की हा रंग चढतो.” बाबांचा हात मी सिंकमध्ये धुऊन टाकला होता. ते नाणं आता माझ्या कोटाच्या खिशात असतं. हल्ली पुन्हा काळवंडायला लागलंय, पण माझ्या हाताने.