पाटावरचं रिव्हॉल्व्हर

खंडेनवमीला सकाळी सव्वादहा वाजता, कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये, सुनंदाताई इंगळे यांचा डावा कान गेला. गोळी भिंतीत घुसली, पण आवाजाने तो कान बहिरा झाला. दुसऱ्या दिवशी तक्रारही त्यांच्यावरच झाली: ‘मोलकरणीने परवानगीशिवाय शस्त्र हाताळले.’ तक्रारदार घराचे मालक, निवृत्त इंजिनिअर.

मी घरकामगार संघटनेत काम करते. अशी भांडणं आठवड्याला दोन-तीन येतात. कंटाळा येतो, पण जावं लागतं.

ताईंना जरा मोठ्यानेच विचारलं, नेमकं झालं काय?

“साहेब म्हणाले, बंदुकीवर कुंकू सांडलं, पुसून घे. मी पुसलं. मले काय मालूम त्यात गोळ्या हायेत?”

केस झाली तर ताईंना त्या सोसायटीतली कामाची चारही घरं सोडावी लागणार होती. मी त्या घरमालक काकांकडे गेले.

“बसा. चहा तुम्ही घेणार नसालच.”

“काका, रिव्हॉल्व्हर कशासाठी घेतलंत?”

“शेजारी चोरी झाली. आम्ही दोघंच असतो. चार महिने अभ्यास केला. पिस्तूल अडकतं, रिव्हॉल्व्हर अडकत नाही.”

“आणि नेमबाजीच्या रेंजवर किती वेळा गेलात?”

“एकदा. परवान्याला सर्टिफिकेट लागतं ना!”

चार महिने निवडायला, एक सकाळ शिकायला. मोबाईल घेतानाही लोक असंच करतात. फक्त मोबाईलने कान जात नाही.

“परवान्याच्या अर्जात लिहिलंय, शस्त्र कुलपात, गोळ्या वेगळ्या. मग भरलेलं पाटावर कसं?”

“अहो, शस्त्रपूजन होतं. रिकाम्या शस्त्राची पूजा करतात का कुठे?”

मी ते वहीत लिहून घेतलं. काकांना वाटलं, मला पटलं. त्यांनी फोन पुढे केला. “बघा, किती व्यवस्थित मांडली होती. नातेवाइकांच्या ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं.”

फोटोत पाट, झेंडू, हळदकुंकू आणि रिव्हॉल्व्हर. त्याचा घोडा मागे ओढलेला. घोडा म्हणजे मागची खुंटी. ती ओढून ठेवली की चापाला फडका अडकला तरी गोळी सुटते.

“घोडा का ओढलात?”

“फोटोत उठून दिसतं.”

“मला पाठवता?”

त्यांनी लगेच पाठवला. वर ‘शुभ दसरा’ही लिहिलं.

फोटो ग्रुपवर पडला होता नऊ वाजून पाच मिनिटांनी. सुनंदाताई कामाला येतात दहाला. पोलीस चौकीत मी दाखवल्यावर हवालदारांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि काकांना फोन लावला. “काका, बाई यायच्या आधी घोडा तुम्हीच ओढला होता ना? या जरा इकडे.”

ताईंवरची तक्रार मागे घेतली गेली. निष्काळजीपणाबद्दल गुन्हा काकांवर झाला, परवाना तूर्त निलंबित आहे. सोसायटीतलं एक घर तरीही सुटलं. “उगाच कटकट नको,” म्हणाल्या तिथल्या बाई. कान आला नाही. डॉक्टर म्हणतात, येणार नाही.

शस्त्र कोणतं घ्यावं यावर लोक तासभर बोलतात. ते ठेवायचं कुठे, यावर दोन मिनिटंही नाही.

तुमच्या घरात परवान्याचं शस्त्र असेल तर हे वाचून झाल्यावर उठा आणि ते रिकामं करा. नळी भिंतीकडे नको, पलीकडे कुणी असू शकतं; माणसाकडे तर नकोच. रिकामं करता येत नसेल तर हात लावू नका, जाणकाराला बोलवा. गोळ्या दुसऱ्या कुलपात ठेवा. किल्ली स्वतःजवळ. आणि उद्या कामाला येणाऱ्या बाईंना समोर बसवून सांगा, आमच्या घरात बंदूक आहे, अमुक कपाटात आहे, त्या कपाटाला फडका मी मारीन. हे सांगायची लाज वाटत असेल, तर परवाना परत करा.