फिनितो अण्णांचा रविवार

राजाजीनगरात आमच्या घरमालकांना सगळी गल्ली 'फिनितो अण्णा' म्हणायची. शेवटचा घास गेला की "फिनितो!", मॅच हरली की "फिनितो!", पाण्याची टाकी रिकामी झाली तरी तेच. इटालियनमध्ये 'संपलं' म्हणायचं ते असं. शेवटी कानडी भाजीवालाही मोडक्या मराठीत गेटातून ओरडायला लागला, "अण्णा, स्वल्प लेट झाला, टोमॅटो फिनितो!"

अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली. मूळचे बेळगावचे, इथे सरकारी कारखान्यात इंजिनियर. तरुणपणी मशीन शिकायला कारखान्याने त्यांना इटलीला धाडलं, तिथून ते ती भाषा घेऊन आले. पुढे त्यांची शैला तिकडेच शिकायला गेली आणि लूकाशी लग्न करून तिकडचीच झाली. मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू. "ए पुणेकरीण, खाली ये की!" अशी हाक आली की माझा रविवार गेलाच म्हणून समजायचं.

भाषा शिकवणाऱ्या एका ॲपने अण्णांना काम दिलं होतं. काहीतरी संपलं, संपवलं, आटोपलं अशी रोजच्या बोलण्यातली इंग्रजी वाक्यं इटालियनमध्ये करायची. टाइप मी करायचं. अण्णा एकेका वाक्यावर अडून बसत. "आय ॲम डन म्हणे! काम झालं की. हा बोलणारा कसा काय झाला?" 'लेट्स कॉल इट अ डे'वर तर अर्धा तास गेला. "हे आपलं 'आज इतकं पुरे'. लिही, पेर ओज्जी बास्ता." मी वैतागायचे, "अण्णा, मला तुमच्या त्या भाषेत साधं पाणी मागता येत नाही, आणि संपण्याची पन्नास वाक्यं पाठ झालीत!" त्यावर ते गदागदा हसायचे.

पण स्वतःच्या इटालियनवर त्यांचा भरवसा नव्हता. "माझं सगळं मशीनच्या तेलातलं," म्हणायचे. म्हणून रविवारी पाचला लूकाचा फोन आला की यादी त्याच्यापुढे. लूकाला इंग्रजीचा गंध नाही. अण्णा इटालियन वाचून दाखवत आणि तो पलीकडून खो खो हसत दुरुस्त करी. "पापा, हे कारखान्यात चालेल, जेवणाच्या टेबलावर नाही," असं काहीसं तो म्हणे. अण्णा मला मराठीत सांगत. बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून हा माणूस आठवडाभर घुम्यासारखा बसायचा. तो एक तास मात्र पंचविशीतला व्हायचा.

एका शनिवारी शैलाचा मला फोन आला. "आमचं मोडलं ग. घटस्फोट झाला. अण्णांना सांगितलंय, त्याच्याशी परत बोलायचं नाही. मी काय भोगलंय ते माझं मला ठाऊक. तू जरा लक्ष ठेव." तिचं चुकलं असं कुठल्या तोंडाने म्हणू? आणि अण्णांचं तरी काय चुकलं होतं? मी नुसतं "बरं" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खाली गेले तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसलेले.

"हो म्हटलं मी तिला," ते म्हणाले. "पोटची पोर रडत होती. दुसरं काय म्हणणार की?" मग शर्टाची बाही नीट करत, "त्याला एकदा निरोप तरी द्यायचा होता. तेवढंही नको म्हणाली."

पाचला फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. अण्णांचा हात पुढे गेला. तो त्यांनी ओढून मांडीखाली दाबून धरला.

"तू घे."

"मी? अहो, मी काय सांगू?"

"काहीही सांग. नाहीतर वाट बघत बसेल तो."

मी घेतला. "पापा?" लूका म्हणाला.

माझ्यापाशी वाक्यं होती की! जेवण झालं, काम आटोपलं, पुस्तक वाचून संपलं, आता पुरे, कायमचं संपलं. सगळी चोख, त्यानेच तपासून दिलेली. त्यातलं एकही मला त्या माणसाला म्हणवेना. आणि 'थांब, त्यांचा नाइलाज आहे रे' हे कुठल्याच यादीत नव्हतं.

"पापा?" तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू. मी फोन ठेवून दिला. त्याची मला अजून लाज वाटते.

"काय म्हणाला?" अण्णांनी विचारलं.

"पापा म्हणाला. दोनदा."

मग अण्णा रडले, आणि मी शेजारी नुसती बसून राहिले.